पश्चात

प्रिन्स रूपर्टच्या बंदरावर, मासळीच्या कारखान्यामागच्या चढावर
वुजिचबाईंचं ऑफिस.
खाली बूट शिवायचं दुकान,
त्यामुळे इथल्या सगळ्या कायद्याला चामड्याचा वास.

आई मृत्युपत्र करायला आली आहे.
वय शहात्तर. गुडघे कारखान्याच्या ओल्या फरशीवर झिजलेले.
शेजारी तिचा एस्किल, त्रेचाळीस वर्षांचा, बोलत नाही,
आणि मी, टोरांटोहून दोन विमानं बदलून आलेली,
रजा शुक्रवारपर्यंत.

"माझ्या पश्चात," आई म्हणते,
आणि सगळे माझ्याकडे बघतात.
एस्किलसुद्धा.
तो बहुधा माझ्या कोटाचं बटण बघत असावा.

बाबांची बोट विकली, हॅलिबटचा परवानाही.
ते पैसे एस्किलच्या नावावर ठेवले तर त्याचा भत्ता बंद होतो,
नाही ठेवले तर भत्त्यात भागत नाही.
म्हणून ट्रस्ट.
पैसा त्याच्यासाठी, पण त्याचा म्हणायचा नाही,
कधी द्यायचा, किती द्यायचा, विश्वस्ताची मर्जी.
वुजिचबाई हे तीनदा समजावतात.
आई चौथ्यांदा विचारते,
"म्हणजे त्याचे मोजे फाटले
तर हिची मर्जी लागणार?"

कलम नऊ : लाभार्थीच्या सुखसोयीसाठी.
लिहून घ्या, मी म्हणाले, मला माहीत आहे त्याची सुखसोय.
शर्टाचं लेबल आधी कापून टाकायचं.
कपड्यांचं मशीन फिरत असताना त्याला समोरून उठवायचं नाही.
दाढी डाव्या गालापासून.
"उजव्या," आई म्हणाली. "बरीच वर्षं झाली आता."

मग दुसरा कागद.
आपल्या वतीनं कुणी बोलायचं
हे इथे माणूस स्वतः ठरवू शकतो,
त्यासाठी त्याला परीक्षेला बसावं लागत नाही.
वुजिचबाईंनी त्याला आजची तारीख विचारली नाही,
पंतप्रधान कोण, शंभरातून सात गेले किती, काही नाही.
चष्मा काढून म्हणाल्या, "एस्किल, तुझा भरवसा कुणावर?"

मी खुर्चीत सरळ झाले.
हातसुद्धा टेबलावर ठेवला होता, तळवा वर करून.

तो उठला. माझ्या खुर्चीला वळसा घालून
दार उघडून जिन्यानं खाली गेला,
बुटांच्या दुकानात, आणि वर आला तेव्हा
रोडेलिओला बाहीला धरून ओढत होता.
समोरच्या घरात राहणारा रोडेलिओ,
आम्हाला गाडीतून घेऊन आलेला,
हातात अर्धा खाल्लेला पाव.
एस्किलनं त्याचा हात पाव बिव सगळ्यासकट
कागदावर ठेवला.

"मी फक्त गुरुवारी पोहायला नेतो त्याला," रोडेलिओ म्हणाला.
"किती वर्षं?"
"अकरा."
"त्याचे पैसे घेता?" बाईंनी विचारलं, पगारी माणूस चालत नाही.
"कॉफी घेतो. ह्यांच्याकडची. पातळ असते."

आधी अपमान वाटला. मग सुटल्यासारखं.
मग सुटल्यासारखं वाटल्याची लाज.
याच क्रमानं. खोटं कशाला सांगू.

माझ्या वाट्याला पैशाचा कागद आला :
विश्वस्त म्हणून माझं नाव, दरवर्षी हिशेब, पावत्या जपून.
विश्वस्तात विश्वास आहे म्हणतात.
मी सही करण्याआधी तो शब्द नीट पाहिला,
एक काना कमी आहे.

आई खिडकीतून बंदराकडे बघत होती.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं
एस्किलकडे पाठ केलेली मी पाहिली.

शेवटी एस्किलची सही.
पेन मुठीत धरून, जीभ दातांत,
वरून खाली एकच उभी रेघ,
इतकी लांब की त्याचा कागद संपला
आणि ती खाली माझ्या कागदावर उतरली,
माझ्या नावाशेजारी.

"हे पान पुन्हा छापावं लागेल," वुजिचबाई म्हणाल्या.

आई वळली. चष्मा लावून पाहिलं.
म्हणाली, "राहू दे."